जळालेल्या पिकअपचा दावा : सर्वेअर नेमल्यानंतर कंपनीला उशिराची शर्त पुढे करता येते का?

प्रश्न – कागलकर

वडिलांच्या नावावरील मालवाहू पिकअपने शाहू मार्केट यार्डात गूळ उतरवून परत येताना महामार्गावर कागलच्या अलीकडे बॉनेटमधून पेट घेतला. अग्निशमन दलाचा बंब येईपर्यंत केबिन पूर्ण जळाली होती. त्याच रात्री पोलिसांत नोंद झाली आणि दुसऱ्या दिवशी पंचनामाही झाला. परंतु वडिलांचे दोन्ही हात भाजल्यामुळे ते रुग्णालयात होते आणि विमा कंपनीला लेखी कळवायला आम्हाला अकरा दिवस लागले.

कंपनीने सर्वेअर (नुकसानीची पाहणी करणारा) पाठवला, आरसी, परमिट, फिटनेस आणि लायसन्स मागवले, आणि गाडी टोटल लॉस (दुरुस्तीपलीकडचे नुकसान) धरून भंगार कोणाकडे ठेवायचे याबद्दल आमची संमतीही घेतली. या काळात उशिराचा एका शब्दानेही उल्लेख झाला नाही. तीन महिन्यांनी आलेल्या नामंजुरीच्या पत्रात एकच कारण होते, ते म्हणजे बाहेरून बसवलेल्या जादा लाइटच्या वायरिंगमुळे आग लागली. आम्ही तक्रार केल्यावर उत्तरात ‘तात्काळ सूचना देण्याच्या शर्तीचा भंग’ हे दुसरे कारण जोडण्यात आले. एवढी सगळी प्रक्रिया पूर्ण केल्यावर कंपनीने ती शर्त सोडून दिली, असे म्हणता येईल का?

उत्तर – वकिली पेशातील सदस्य

केवळ सर्वेअर नेमला म्हणून शर्त सोडली, असा युक्तिवाद कृपया करू नका, कारण तो टिकणार नाही. ठरावीक रकमेवरील नुकसानीत सर्वेअरकडून पाहणी करून घेणे विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ६४ यूएमनुसार कंपनीला भागच असते. सोनेल क्लॉक्स प्रकरणात (२०१८) सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. मात्र तिथे नामंजुरीच्या पत्रातच उशिराचे कारण स्पष्ट लिहिलेले होते. त्याआधीच्या गलाडा पॉवर प्रकरणात (२०१६) पत्रात ते कारण नव्हते, आणि न्यायालयाने कंपनीने तो हक्क सोडला असे मानले. सौराष्ट्र केमिकल्स प्रकरण (२०१९) तर आगीच्याच दाव्याचे होते, आणि नामंजुरीच्या पत्राबाहेरचे कारण कंपनीला नंतर मांडता येणार नाही, असे त्यात ठरले. म्हणून तुमचा भर नामंजुरीच्या पहिल्या पत्रावर असायला हवा.

शिवाय, टाळता न येणाऱ्या कारणाने उशीर झाला असल्यास केवळ त्या आधारावर खरा दावा नाकारू नये, असे परिपत्रक विमा नियामकाने २० सप्टेंबर २०११ रोजी काढले आहे. रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड त्यासाठी जपून ठेवा.

एक सावधगिरी मात्र बाळगावी लागेल. कंपनी गप्प राहिली म्हणून शर्त सुटू शकते, पण पॉलिसीत जी जोखीम मुळातच वगळलेली आहे ती त्या मौनामुळे आत येत नाही. त्यामुळे वायरिंगच्या मुद्द्याला स्वतंत्र उत्तर द्यावेच लागेल.

उत्तर – निवृत्त सर्वेअर, उद्यमनगर

वायरिंगबद्दल मी लिहितो. वाहनाच्या पॅकेज पॉलिसीत (जिच्यात स्वतःच्या गाडीचे नुकसानही धरलेले असते) आग, स्फोट आणि आपोआप पेट घेणे हे धोके समाविष्ट असतात. वगळलेला असतो तो यांत्रिक किंवा विद्युत बिघाड. बिघडलेला सुटा भाग बदलून मिळत नाही, पण म्हणून त्यातून भडकलेल्या आगीचे नुकसानही वगळले जाते असे मला पटत नाही, आणि अपवाद लागू होतो हे सिद्ध करण्याचे ओझे कंपनीवरच असते.

सर्वेअरच्या अहवालाची प्रत लेखी मागा. आग नेमकी कुठून सुरू झाली, तांब्याच्या तारांवर वितळलेले मणी (शॉर्टसर्किटची खूण) सापडले का, जादा लाइटला फ्यूज आणि रिले होता का, याची छायाचित्रांसह नोंद नसेल, तर ‘वायरिंगमुळे आग’ हा निव्वळ तर्क ठरतो. आणि निकाल लागेपर्यंत सांगाडा भंगारात देऊ नका. घराच्या दारात जळालेली गाडी रोज पाहणे किती जड जाते हे मी अनेक घरांत पाहिले आहे, पण तोच तुमचा पुरावा आहे.

सर्वेअरच्या पत्रांवर बहुधा ‘कंपनीचे हक्क राखून’ अशी ओळ असते, म्हणजे पाहणी केली तरी दावा नाकारण्याचा हक्क कंपनी सोडत नाही; ती तुमच्या पत्रांवर आहे का, तेही पाहा.

कागलकर

दोघांचेही मनापासून आभार. ती ओळ सर्वेअरच्या पहिल्या पत्रावर छापलेली आहे. भंगाराच्या संमतीसाठी कंपनीने स्वतः पाठवलेल्या पत्रावर मात्र नाही. लाइट शोरूममध्येच बसवून घेतले होते आणि त्याची पावती सापडली आहे. पुढे कुठे जावे?

उत्तर – वकिली पेशातील सदस्य

मग संमतीचे ते पत्र आणि ही पावती ही तुमची सर्वांत महत्त्वाची कागदपत्रे आहेत. पुण्याच्या विमा लोकपालांकडे नामंजुरीपासून एका वर्षात विनाशुल्क तक्रार करता येते. किंवा कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत. आयोगात प्रकरण दाखल झाल्यावर लोकपाल ते घेत नाहीत, त्यामुळे आधी लोकपालांकडे जावे असे माझे मत आहे. तक्रार वडिलांच्या नावाने करा, आणि नामंजुरीचे पत्र व तक्रारीला आलेले उत्तर, या दोन्ही पत्रांच्या तारखा पहिल्याच परिच्छेदात लिहा.