लाओडिकीने पतीला विष घातले, हे खरे मानावे का?

चर्चाप्रस्ताव
सीरिया आणि पश्चिम आशियावर राज्य करणाऱ्या ग्रीक सेल्युकिड घराण्याचा राजा दुसरा अँटिओकस (अशोकाच्या तेराव्या शिलालेखातला 'अंतियोक' बहुधा हाच) याने इ.स.पू. २५२ च्या सुमारास इजिप्तशी झालेल्या तहापायी दुसऱ्या टॉलेमीची मुलगी बेरेनिकी हिच्याशी लग्न केले आणि सेल्युकस व हिएराक्स यांची आई असलेली त्याची पहिली बायको लाओडिकी बाजूला पडली. इ.स.पू. २४६ मध्ये राजा आशिया मायनरमधल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) इफिससला वारला, सेल्युकस राजा झाला आणि तिकडे सीरियातल्या अँटिओक शहरात बेरेनिकी व तिचे मूल मारले गेले. लाओडिकीने राजाला विष घातले असे रोमन काळातला इतिहासकार ॲपियन सांगतो खरा, पण चारशे वर्षांनंतर. बेरेनिकीचा भाऊ तिसरा टॉलेमी याला सीरियावर चालून जायला सबब हवी होती. ही कथा त्याच्याच दरबारातली वाटते.

प्रतिसाद १
असहमत. टॉलेमीची सबब बहिणीचा जीव ही होती. त्यासाठी मेहुण्याच्या विषप्रयोगाची गरज नव्हती. त्याच्या स्वारीचा वृत्तांत एका पपायरसवर सापडला आहे, त्यात आशिया मायनरच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या किलिकियातून इफिससला लाओडिकीकडे जाणारी १५०० टॅलेंट (टॅलेंट हे वजनाचे ग्रीक माप) चांदी त्याच्या बाजूच्या लोकांनी पकडल्याचे लिहिले आहे. एवढा पैसा जिच्याकडे निघाला होता, ती कोपऱ्यात बसलेली परित्यक्ता नव्हे. आपल्याकडे परत आलेला राजा पुन्हा बेरेनिकीकडे वळेल ही तिची भीती ख्रिस्ती लेखक जेरोमने नोंदवली आहे, आणि ती मला पटते.

प्रतिसाद २ (प्रस्तावक)
पैसा होता, हे तर माझ्याच बाजूचे आहे. आशिया मायनरमधल्या डिडिमा या देवस्थानातल्या शिलालेखानुसार राजाने तिला एक गाव, वाडा आणि जमीन ३० टॅलेंटला विकली, करही माफ केला आणि ही नोंद पाच ठिकाणी दगडावर कोरून लावायला सांगितली. अशा बाईला विषाची घाई कशाला असेल?

प्रतिसाद ३
त्याच शिलालेखात तिच्या नावामागे 'राणी' हे पद नाही, तेही वाचा. जमीन मिळाली, पण मुलांच्या वारसाहक्काची हमी मिळाली नाही. मात्र इथे दोन आरोपांची गल्लत होते आहे. राजाचा मृत्यू आजारानेही झाला असेल, विषाचा ठोस पुरावा कुठेच नाही. बेरेनिकीच्या मुलाच्या हत्येचा लाभ मात्र थेट लाओडिकीच्या घरात आला.

प्रतिसाद ४
घरात म्हणजे कोणाच्या? पुढे दोघे भाऊ एकमेकांविरुद्ध लढले, तेव्हा ग्रीक लेखक प्लुटार्कच्या म्हणण्याप्रमाणे आईने राजा झालेल्या सेल्युकसऐवजी धाकट्या हिएराक्सची बाजू घेतली. केवळ थोरल्याच्या गादीसाठी तिने खून केला असेल, तर हे कसे जुळवायचे? मला वाटते, आशिया मायनरमध्ये तिचा शब्द चालावा एवढेच तिला हवे होते, आणि त्यासाठी राज्यावर बसलेल्या मुलापेक्षा पोरसवदा मुलगा सोयीचा होता.