चार्ज केलेले एए सेल घातले तरी कॅमेरा ‘बॅटरी संपली’ का म्हणतो?

लेन्सकॅप: दोन एए सेलवर चालणारा कॉम्पॅक्ट कॅमेरा आहे. २१०० एमएएच क्षमतेचे निकेल-मेटल हायड्राइड (पुन्हा चार्ज होणारे) सेल रात्रभर चार्ज करूनही सात-आठ फोटोंतच बंद पडतो. साध्या, चार्ज न होणाऱ्या अल्कलाइन सेलवर नीट चालतो. दोष कुणाचा?

फ्लॅशगन: अल्कलाइनवर चालतोय म्हणजे कॅमेरा बहुधा ठीक आहे. सेटअप मेनूत बॅटरीचा प्रकार निवडायची सोय असेल तर आधी ती बघा. अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा, तुमचा चार्ज होणारा १.२ चा. मेनू अल्कलाइनवर राहिला तर भरलेला सेलही कॅमेऱ्याला उतरलेला वाटतो. मग सेलची टोकं आणि कप्प्यातल्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. सँडपेपर मात्र नको, पट्टीवरचा मुलामा जातो.

मल्टिमीटर: जोडीतला एकच सेल मेलेला असतो, बऱ्याचदा. नुसता मीटर लावून कळत नाही. लोड, म्हणजे करंट ओढणारं काही, नसताना दोन्ही १.३ व्होल्ट दाखवतात. १ ओहम, २ वॉटचा रेझिस्टर (करंटला रोध करणारा छोटा भाग) लोड म्हणून सेलला जोडून दहा सेकंद व्होल्टेज मोजा. चांगला १.२ च्या आसपास टिकतो, थकलेला १.१ च्या खाली घसरतो. लेन्सची मोटर आणि फ्लॅश एकदम करंट ओढतात तेव्हा हेच होतं. आणि तो रात्रभरचा चार्जर जोडीने चार्ज करणारा असेल तर बदलाच, प्रत्येक सेल वेगळा तपासणारा घ्या.

लेन्सकॅप: मेनू अल्कलाइनवरच होता! रेझिस्टर लावला तर एक सेल १.१९, दुसरा ०.९४.

मल्टिमीटर: मग नवीन जोडीच घ्या. जुना-नवा मिसळू नका.