जुन्या गाण्यांचं स्टेशन आणि तीच ती तीनशे गाणी

हिंजवडी_सव्वाआठ

कोथरूडहून हिंजवडीला पोचायला मला सकाळी सव्वा तास लागतो, पावसाळ्यात कधी दोन. गेली चार वर्षं गाडीत एकच स्टेशन लावतोय, जुन्या हिंदी गाण्यांचं. नाव घेत नाही, कारण या प्रकारच्या दुसऱ्या स्टेशनांवरही मला हेच आढळलं.

मागच्या जूनमध्ये एक वही केली. ऑफिसला पोचलो की वाटेत लागलेली गाणी आठवून लिहायची. पहिल्या आठवड्यात पानं भराभर भरली. तिसऱ्या आठवड्यापासून नवं नाव लिहायची वेळ क्वचित आली, जुन्याच नावांपुढे रेघा वाढत गेल्या. महिनाअखेर पाहिलं तर वहीभर किशोर आणि पंचम, म्हणजे आर. डी. बर्मन. मदन मोहनचं एकच गाणं, सहा रेघा. सलील चौधरींची दोन गाणी आलटून पालटून. जयदेव म्हणजे फक्त 'हम दोनो'. चित्रगुप्त, सज्जाद, वसंत देसाई, एन. दत्ता हे संगीतकार महिन्याभरात एकदाही नाहीत.

पंचम मलाही प्रिय आहेत. पण एन. दत्ता म्हणजे गोव्याचे दत्ता नाईक. साहिरच्या शब्दांना 'साधना' (1958) आणि 'धूल का फूल' (1959) मध्ये ज्यांनी चाली दिल्या, त्यांचं नाव माझ्या टीममधल्या एकाही मुलाला माहीत नाही. त्यात मुलांचा काय दोष? जुनी गाणी त्यांच्या कानावर पडतात ती अशाच स्टेशनांवरून.

हिशेब सोपा आहे. जाहिराती आणि गप्पा वजा जाता तासाला दहा-बारा गाणी बसतात. यादी तीनशेची धरली तर पंचवीस-तीस तासांत ती संपते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

आमच्या सांगलीच्या घरी बाबा रेडिओ सिलोन लावायचे. साडेसात ते आठ जुन्या चित्रपटांची गाणी आणि शेवटचं सैगलचं. सैगल सुरू झाला की मी दप्तर पाठीला अडकवायचो. त्या अर्ध्या तासात अमीरबाई कर्नाटकी, खुर्शीद, जी. एम. दुर्राणी असे आवाज कानावर पडायचे. तेव्हाही ती गाणी वीस-पंचवीस वर्षं जुनीच होती, पण ती लावणाऱ्याला जुन्या काळाचा आवाका माहीत होता. आज त्या काळातलं दोन-तीनशे गाण्यांएवढंच आपल्यापर्यंत येतं आणि बाकीचं आपल्यादेखत विसरलं जातंय. मला हे मोठं नुकसान वाटतं.

पोळपाट

पूर्ण असहमत.

माझा डब्यांचा व्यवसाय आहे. पहाटे पाच ते नऊ पोळ्या लाटते आणि ओट्यावर रेडिओ चालू असतो. ओळखीचं गाणं असलं की हात त्याच्या ठेक्यावर चालतो, शब्द आपोआप ओठांवर येतात, पन्नास पोळ्या कधी झाल्या कळत नाही. अनोळखी गाणं लागलं की कान तिकडे जातो आणि तव्यावरची करपते. मला रेडिओ सोबतीला हवा आहे, अभ्यासाला नाही. ज्यांना सज्जाद ऐकायचेत त्यांना यूट्यूबवर सगळं मिळतं. माझे दोन्ही हात पिठात असतात, मला शोधत बसता येत नाही.

आणि दादा, तुमची गोड आठवण तरी कसली आहे? रोज आठच्या आत सैगल. तेच ते रोज व्हायचं म्हणूनच ते तुमच्या मनात राहिलं ना?

हिंजवडी_सव्वाआठ

ताई, सैगलची जागा ठरलेली होती, गाणं ठरलेलं नव्हतं. आज एक, उद्या दुसरं. आवाज ओळखीचा आणि वेळ ओळखीची, त्यामुळे कधी न ऐकलेलं गाणंसुद्धा परकं वाटायचं नाही. आजच्या स्टेशनवर नेमकं उलटं आहे. गाणं ठरलेलं, पण ते कधी लागेल, कोण लावतंय, का लावतंय, काहीच कळत नाही.

पोळीचा मुद्दा मात्र पटला. कामाच्या वेळी ओळखीचं गाणं हवं, यावर वाद नाही.

माजी_कन्सोल

एका खासगी एफएममध्ये संगीत विभागात नऊ वर्षं काढली, म्हणून आतलं थोडं सांगतो.

यादी कुणा आळशी माणसानं केलेली नसते. गाण्याचा सात-दहा सेकंदांचा सर्वांत ओळखीचा तुकडा श्रोत्यांना ऐकवतात आणि तीन गोष्टी विचारतात: ओळखता का, आवडतं का, ऐकून कंटाळलात का. तिसऱ्याला धंद्यात 'बर्न' म्हणतात. आता बघा, ज्या गाण्याची ओळखच नाही ते पहिल्याच प्रश्नाला बाद होतं. त्याला आवडण्याची संधीच मिळत नाही. मग उरलेली गाणी सॉफ्टवेअरमध्ये जातात. एक गाणं पुन्हा लागायला किती तास जावेत, एकाच गायकाची दोन गाणी किती अंतरानं यावीत, काल सकाळी लागलेलं आज दुपारी कसं सरकवायचं, हे सगळं ते बघतं. रोजचा लॉग, म्हणजे कधी काय लावायचं याची यादी, तयार होऊन येतो. निवेदकाला त्यात फार तर एखादं गाणं इकडचं तिकडे करता येतं, अनेकदा तेही नाही.

हे असं का, तर भीतीपोटी. अनोळखी गाणं लागलं की गाडीतला माणूस स्टेशन बदलतो. 2007 पासून मुंबई, दिल्लीसारख्या शहरांत श्रोत्यांना डायरी देऊन मोजणी सुरू झाली आणि त्या आकड्यांवर जाहिरातीचा दर ठरायला लागला. त्यात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या करायची परवानगी नाही. म्हणजे हातात गाणं आणि बोलणं, दोनच गोष्टी. गाण्यात चूक करायची हिंमत कुणी करत नाही.

जाहिरातदाराला पंचविशी ते पंचेचाळिशीतला श्रोता हवा असतो. आजच्या चाळिशीतल्या माणसाचं 'जुनं' नव्वदच्या दशकात आहे. त्यामुळे यादी दरवर्षी पुढे सरकते आणि मागचं टोक गळतं. ज्यांना तुम्ही शोधताय ते सगळे त्या टोकाला आहेत.

कायद्याची_पानं

@माजी_कन्सोल, रॉयल्टीचं कारण तुम्ही दिलं नाहीत हे बरं केलंत, कारण ते अनेकदा पुढे केलं जातं. कॉपीराइट बोर्डाच्या ऑगस्ट 2010 च्या आदेशाप्रमाणे 2020 पर्यंत एफएम स्टेशनांनी संगीत कंपन्यांना निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या 2 टक्के द्यायचे होते. उत्पन्नाच्या टक्केवारीत तेच गाणं दहादा लावलं काय आणि दहा वेगळी लावली काय, काही फरक पडत नव्हता. शिवाय ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्याकडे 60 वर्षांचा आहे. 1964 पर्यंत प्रसिद्ध झालेल्या मुद्रणांवरचा तो हक्क संपला. शब्द आणि चालीचे हक्क वेगळे असतात आणि ते कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतात, हे खरं. तरी पन्नासच्या दशकातलं गाणं पैशामुळे परवडत नाही, असं म्हणता येणार नाही.

पेठेतला

इतका वेळ गप्प होतो, पण 'लावणाऱ्याला आवाका माहीत होता' हे वाक्य मला खटकलं.

श्रोत्यांनी काय ऐकावं हे जाणकारांनी ठरवायचं, हा प्रयोग या देशात होऊन गेलाय आणि तो आपल्याच पुण्याच्या माणसानं केलाय. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 साली माहिती व प्रसारण मंत्री झाले. शास्त्रीय संगीत लोकांपर्यंत पोचावं ही त्यांची तळमळ खरी होती, त्यासाठी त्यांनी केलंही पुष्कळ. पण ऑल इंडिया रेडिओवरची सिनेगीतं आधी कमी झाली आणि मग निर्मात्यांशी वाद होऊन जवळजवळ थांबलीच. लोकांनी काय केलं? सुई सिलोनवर नेली. त्याच डिसेंबरात अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि घराघरांत पोचली. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती काढावी लागली. श्रोत्याच्या आवडीवर मात करायला गेलं की तो निघून जातो.

आणि पुनरावृत्तीला इतकं हिणवू नका. 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. नवं गीत शुक्रवारी सकाळी लागायचं आणि तेच शनिवारी, रविवारी पुन्हा. माझी आजी वही-पेन्सिल घेऊन बसायची. शुक्रवारी निम्मं उतरायचं, शनिवारी गाळलेल्या जागा भरायच्या, रविवारी पाठ. एकदाच लागून गेलं असतं तर आमच्या वाड्यात ते कुणाला पाठ झालं असतं?

हिंजवडी_सव्वाआठ

केसकरांचा मुद्दा मान्य. लोकांच्या हातातून गाणं काढून घ्यावं असं मी म्हणतच नाही.

पण गीतरामायणाचं उदाहरण मला माझ्याच बाजूचं वाटतं. तीन दिवस तेच गीत, आणि पुढच्या शुक्रवारी नवं. वर्षभरात 56 गीतं. आजींची वही पुढे सरकत होती. माझ्या वहीत तिसऱ्या आठवड्यानंतर रेघाच वाढल्या, हा फरक आहे. पुन्हा लावून ते नवं गाणं तुमच्या वाड्यात मुरवलं जात होतं. ज्याची पुनरावृत्ती झाली ते आधी कुणीतरी नव्यानं समोर ठेवलं होतं!

एडिसनवासी

न्यू जर्सीत पंचवीस वर्षं आहे, म्हणून इकडचं एक उदाहरण. न्यू यॉर्कचं डब्ल्यूसीबीएस-एफएम 1972 पासून जुनी गाणी लावायचं. जून 2005 मध्ये एका दिवसात ते बंद करून तिथे 'जॅक' नावाचा प्रकार आणला. गाण्यांची यादी पुष्कळ मोठी, कुठलंही गाणं कशाच्याही मागे आणि बोलायला निवेदकच नाहीत. माझ्या ऑफिसातले न्यू यॉर्कर लोक अक्षरशः घरचं माणूस गेल्यासारखे बोलत होते. श्रोते घटले आणि जुलै 2007 मध्ये जुनं स्टेशन परत आणावं लागलं. परत आलं तेव्हा मात्र भर साठच्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या गाण्यांवर होता. त्याआधीचा काळ बराचसा गळलाच. @माजी_कन्सोल म्हणतात ते मागचं टोक इकडेही असंच गळतं.

म्हणजे नुसती यादी वाढवून भागत नाही. हजार गाणी असली तरी 'हे ऐका, हे असं झालं होतं' म्हणणारा माणूस नसेल तर लोकांना ते आपलं वाटत नाही.

आईची_खोली

मी सहसा लिहीत नाही. @पोळपाट ताईंचं 'ओळखीचं गाणं हवं' वाचून लिहावंसं वाटलं.

आई ब्याऐंशी वर्षांची आहे. चार वर्षांपासून विस्मरण वाढत चाललंय. माझं नाव कधी आठवतं, कधी नाही. पण लताबाईंचं 'परख' मधलं गाणं लागलं की पुढची ओळ ती आधी म्हणते. तलतचं लागलं की हात थांबतो. ओळखीचं गाणं काय करू शकतं हे मी रोज बघते.

तर माझा प्रश्न असा, ओळखीचं कुणाच्या? रेडिओवर 'सदाबहार' म्हणून जे लागतं ते माझ्या कॉलेजातलं आहे. आईच्या ओळखीची गाणी 1955 ते 65 मधली, ती तिथे लागतच नाहीत. ऐकणाऱ्यांत ती आहे, पण तिची कुठे मोजदाद नाही.

पोळपाट

ताई, तुमचं वाचून थांबले थोडी. माझ्या सासूबाईही असंच म्हणतात की हे तुमचं जुनं, आमचं नाही. मी कधी त्यावर विचार केला नव्हता.

तुम्ही तो कारवां नावाचा रेडिओसारखा डबा का घेत नाही? पाच हजार गाणी त्यात भरलेली आहेत, गायकाप्रमाणे लावता येतात.

आईची_खोली

आहे तो. भावानं 2018 मध्ये आणला. पण आईला बटण दाबायचं सुचत नाही, मीच लावून द्यायचं आणि मी दिवसभर नोकरीवर. रेडिओचं तसं नव्हतं. एकदा लावला की समोरून कुणीतरी बोलायचं, वेळ सांगायचं. आई अजून रेडिओवरच्या निवेदिकेला उत्तर देते. सध्या सकाळी विविध भारतीवर 'भूले बिसरे गीत' लावते, तेवढ्या वेळात तिचा चहा शांतपणे होतो.

बेळगावचा_श्रोता

मराठीचंही कुणीतरी बोला. खासगी एफएमवर जुनं मराठी गाणं लागलंच तर बाबूजींची तीच चार-पाच आणि खळेकाकांची तीन. वसंत प्रभू कुठे गेले? पी. सावळाराम आणि लताबाईंबरोबर त्यांनी किती भावगीतं केली! दशरथ पुजारी? 'सांगत्ये ऐका' पुण्यात विजयानंदला 131 आठवडे चालला, त्याचे संगीतकार वसंत पवार आज कुणाच्या तोंडी आहेत? इकडे सीमेवर आम्ही सांगली आकाशवाणी पकडून मराठी ऐकत वाढलो. पण @पेठेतला, हेही सांगतो की 'आपली आवड' मध्ये पत्रं लिहून आम्ही तरी काय मागायचो? तीच गाणी! मी स्वतः एकाच गाण्यासाठी सहा पत्रं टाकलीत. फर्माईशीच्या पत्रांसाठी गाजलेल्या झुमरी तलैयाची माणसं काही वेगळी नव्हती.

माजी_कन्सोल

बेळगावकरांनी खरं सांगितलं. फर्माईशीवर सोडलं तरी यादी रुंद होत नाही, कारण माणूस जे आठवतं तेच मागतो.

आमच्याकडे आम्ही एक गोष्ट करून पाहिली होती, ती सांगतो. रात्री नऊच्या तासात दोन खूप चालणाऱ्या गाण्यांच्या मधे एक यादीबाहेरचं ठेवायचं आणि निवेदकानं आधी तीस सेकंद त्याबद्दल बोलायचं. चित्रगुप्तचं 'काली टोपी लाल रुमाल' मधलं एक, रोशनचं एक, असं. मला भीती होती की फोन बंद पडतील. उलट 'ते मघाचं पुन्हा लावा' असे फोन आले. पाच महिने चाललं. मग वरचे साहेब बदलले आणि तास पुन्हा लॉगवर गेला. मी भांडलो नाही, ते आता वाईट वाटतं.

हिंजवडी_सव्वाआठ

मला यापेक्षा जास्त काही मागायचंच नाही. तासाला एक, दोन ओळखीच्या गाण्यांच्या मधे, आणि बोलणारा माणूस. बाकीची अकरा खुशाल तीच असू देत. मी स्टेशनला असं पत्र लिहितो, ईमेल नाही, कागदावर. वहीची पानं झेरॉक्स करून जोडतो. @माजी_कन्सोल, पत्र कुणाच्या नावे पाठवलं तर वाचलं जाईल, तेवढं सांगा. @आईची_खोली, आईंच्या आवडीची चार-पाच नावं कळवा, पत्रात पहिली ती घालतो.

पेठेतला

तासाला एक असेल तर माझी हरकत नाही. पण कुणालाही विचारल्याशिवाय सगळा तास बदलू नका एवढंच.

माजी_कन्सोल

प्रोग्रॅमिंग हेडच्या नावे पाठवा. आणि एक प्रत सकाळच्या निवेदकाला. आतून मागणी त्याच्याकडूनच जाऊ शकते.

पोळपाट

तासाला एक मलाही चालेल. फक्त पाच ते सहामध्ये नको, तेव्हा तवा तापलेला असतो. साडेआठनंतर ठेवा, डबे भरताना नीट ऐकता येईल. आणि गाणं संपल्यावर संगीतकाराचं नाव पुन्हा एकदा सांगायला लावा, पहिल्यांदा सांगतात तेव्हा कुकरची शिट्टी चालू असते.