दहशतवाद्यांशी लढताना युद्धाचे नियम कोणासाठी?

धागाकर्ता
‘जो जिनिव्हा करार (युद्धात जखमी, कैदी व नागरिकांना कसे वागवावे हे ठरवणारे चार आंतरराष्ट्रीय करार) पाळत नाही, त्याला त्याचा आधार मागता येत नाही, दहशतवाद्यांशी लढणाऱ्या सैन्यावर युद्धकायद्याचे ओझे लादणे म्हणजे शत्रूला मदत करणे होय,’ असे येथे काल कोणीतरी लिहिले आणि अनेकांनी त्याला दुजोरा दिला. मला हे पटत नाही, आणि गप्पही बसवत नाही. ज्याला ओझे म्हटले जाते, त्याच कायद्याने सैनिकाला पोलिसाला कधीही नसलेला अधिकार दिला आहे. शत्रूचा लढवय्या झोपेत असला, त्याच्या हातात त्या क्षणी शस्त्र नसले, तरी युद्धात त्याला ठार मारता येते. शांततेच्या कायद्यात हे चालत नाही. १९८८ मध्ये जिब्राल्टरला ब्रिटिश कमांडोंनी आयआरए या उत्तर आयर्लंडमधील ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेच्या तीन निःशस्त्र सदस्यांना गोळ्या घातल्या. १९९५ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने, दहा विरुद्ध नऊ अशा निसटत्या बहुमताने का होईना, त्या कारवाईच्या आखणीबद्दल ब्रिटनला दोषी धरले. मारण्याचा अधिकार युद्धाच्या कायद्यातून घ्यायचा आणि बंधनांची वेळ आली की ‘हे गुन्हेगार आहेत, सैनिक नव्हेत’ असे म्हणायचे, ही सरळसरळ लबाडी आहे.

निवृत्त अधिकारी
आपण निकालपत्रे वाचून लिहिता. मी ती माणसे समोर पाहिली आहेत. दिवसा शेतात राबणारा माणूस रात्री रस्त्यात सुरुंग पेरतो. माझ्या तुकडीतल्या एका जवानाचे दोन्ही पाय अशाच स्फोटात गेले. सुरुंग कोणी पेरला हे आम्हा सर्वांना ठाऊक होते, तरी तो इसम दुसऱ्या दिवशी आमच्या समोरून निघून गेला, कारण त्या क्षणी तो ‘नागरिक’ होता. ओळखचिन्ह धारण करावे, शस्त्रे उघडपणे बाळगावीत, या अटी युद्धकैद्यांविषयीच्या तिसऱ्या जिनिव्हा करारातच आहेत. या करारांना जोडलेल्या १९७७ च्या पहिल्या पूरक प्रोटोकॉलने त्या सैल केल्या, म्हणूनच अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष रेगन यांनी १९८७ मध्ये तो मंजुरीसाठी पुढे नेण्यास नकार दिला. गणवेश झुगारणाऱ्याला सैनिकाचा मान कशासाठी द्यायचा?

धागाकर्ता
तो मान देण्याची मागणी मी केलेलीच नाही. त्याला युद्धकैदी मानू नका. त्याच्यावर खुनाचा खटला भरा. परंतु चारही जिनिव्हा करारांत समान असलेले तिसरे कलम गणवेश विचारत नाही. छळ नको, ओलीस नकोत, रीतसर न्यायालयाविना शिक्षा नको, एवढेच ते सांगते. अल कायदाला ते लागू नाही, अशी बुश प्रशासनाची २००२ मधील भूमिका होती. २००६ मध्ये हमदान या अमेरिकेच्या कैदेतील माणसाच्या खटल्यात अमेरिकेच्याच सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. आपल्या जवानाबद्दल मला मनापासून दुःख आहे. तथापि ‘आम्हा सर्वांना ठाऊक होते’ हा पुरावा नव्हे. २९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये अमेरिकी ड्रोन चालवणाऱ्यांनाही अशीच खात्री होती. त्या हल्ल्यात दहा नागरिक मेले, त्यांपैकी सात मुले होती, आणि चूक झाल्याचे पेंटागॉनला, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याला, पुढच्याच महिन्यात मान्य करावे लागले.

एक वकील
दोघेही केवळ मारण्याविषयी बोलत आहात. जिवंत पकडलेल्यांचे काय? शत्रूला युद्ध संपेपर्यंत कैदेत ठेवता येते, हा नियम दोन राष्ट्रांमधील युद्धासाठी शहाणपणाचा होता, कारण अशा युद्धांना तह असतो. दहशतवादाविरुद्धचे युद्ध संपले, असे कोण कोणाला कळवणार? क्युबातील ग्वांतानामो या अमेरिकी लष्करी तळावरच्या तुरुंगात जानेवारी २००२ पासून सुमारे ७८० माणसे ठेवली गेली आणि बहुसंख्यांवर कधी आरोपपत्रच आले नाही. माझ्या सख्ख्या मामांना प्रतिबंधात्मक कायद्याखाली कित्येक महिने आरोपाविना ठेवले होते. सुटून आल्यावरही त्यांना आपला गुन्हा कोणता हे कळले नाही. म्हणून हा विषय माझ्यासाठी पुस्तकी नाही.

निवृत्त अधिकारी
आपल्या मामांची तुलना अल कायदाशी करू नका! ग्वांतानामोतून २००७ मध्ये सोडलेला सईद अल-शिहरी पुढे येमेनमधील अल कायदाचा उपप्रमुख झाला. त्याच्यामुळे जे मेले, त्यांच्या घरी जाऊन आपण आरोपपत्राचे महत्त्व सांगणार आहात का?

एक वकील
होय, सांगेन, कारण आरोपपत्र असते तर तो सुटलाच नसता! १९९३ मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये बॉम्ब ठेवणारा रमझी युसुफ १९९५ मध्ये पकडला गेला. न्यूयॉर्कच्या साध्या न्यायालयात त्याच्यावर खटला चालला आणि १९९८ मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्याचाच मामा खालिद शेख मोहम्मद २००३ मध्ये सापडला. सीआयएने १८३ वेळा नाकातोंडात पाणी ओतून त्याला गुदमरवले, आणि वीस वर्षे उलटली तरी ११ सप्टेंबरचा मुख्य खटला उभा राहिला नाही, कारण छळातून मिळालेला कबुलीजबाब कोणत्या न्यायाधीशापुढे ठेवायचा, हा पेच सुटतच नाही. त्या तीन हजार मृतांच्या कुटुंबांचा न्याय कायद्याने अडवला की कायदा मोडणाऱ्यांनी?

धागाकर्ता
वकीलसाहेबांनी चर्चा कैदेकडे वळवली, हे मला सुरुवातीला रुचले नव्हते; परंतु माझ्या मुद्द्याला याहून बळकट उदाहरण मिळणार नाही.

निवृत्त अधिकारी
छळाबाबत आपले म्हणणे मान्य करतो, आणि तेही केवळ खटला बुडतो म्हणून. बाकी काहीही मान्य नाही. रुग्णालयाच्या आडून गोळीबार होतो, तेव्हा आपला कायदा माझ्या माणसांना काय सांगतो?

धागाकर्ता
आधी इशारा द्या, वाजवी मुदत द्या, आणि तरीही गोळीबार थांबला नाही तर त्या रुग्णालयाचे संरक्षण संपते, असे चौथ्या जिनिव्हा कराराच्या १९ व्या कलमात लिहिले आहे. म्हणजे आपल्या माणसांचे हात बांधलेले नाहीत. मात्र आत पडलेले रुग्ण तरीही नागरिकच राहतात, आणि त्यांच्यापैकी किती जणांचा जीव जाईल, याचा हिशेब हल्ल्याचा हुकूम देणाऱ्यालाच करावा लागतो.

निवृत्त अधिकारी
तो हिशेब करायला त्याला किती सेकंद मिळतात, तेवढेही त्या कलमात लिहायला हवे होते.