मदत हवी आहे: पतंगांसाठी रात्रभर सापळा लावावा की चादरीपाशी जागावं?

नमस्कार मंडळी, मे महिन्याच्या सुट्टीत दापोलीजवळ मामाकडे आलोय आणि यंदा पतंगांचं खूळ डोक्यात शिरलंय (उडवायचे नव्हेत, दिव्यावर येतात ते). अंगणात दोरीवर पांढरी चादर, पुढे १६० वॅटचा मर्क्युरी बल्ब, साडेसात ते बारा फोटो काढायचे. पहिले चार दिवस जेमतेम पाच-सहा आले, मग परवा वळीव पडला आणि काल चादर दिसेनाशी झाली, अर्थात त्यात अर्धी पंखवाली वाळवीच. पण कण्हेरीवरचा तो हिरवा हॉकमॉथ आला, जन्माचं सार्थक!

अडचण अशी की बारानंतर डोळे मिटतात आणि मून मॉथ नेमका एक वाजता आला, मामा पाणी प्यायला उठला म्हणून कळलं. म्हणून बादली, वर फनेल, त्यावर बल्ब, आत अंड्यांचे ट्रे असा सापळा केला. सकाळी सातला बघतो तर शेणकिड्यांनी आत धुडगूस घालून पतंगांच्या पंखांची पावडर उडवलेली, आणि बाहेर भिंतीवर बसलेले कोतवाल-बुलबुलांनी खाल्लेले, खाली नुसते पंख. आता नोंद कशी करू? आणि चादरीवरचे नि बादलीतले एकत्र मोजले तर चालतात का?

प्रतिसाद:
सातला म्हणजे फारच उशीर हो, पक्ष्यांना रोजची खानावळ कळली की ते झुंजूमुंजू व्हायच्या आधीच हजर. अंधारातच उठा, आधी भिंत बघा मग बादली. दोन ट्रे टाकून भागत नाही, बादली उभ्या ट्रेंनी भरा म्हणजे पतंगांना खाचेत शिरून गप्प बसता येतं. फोटो ट्रेवरच काढा, शेजारी ग्राफपेपरचा तुकडा ठेवा, नंतर लांब दाट झुडपात सोडा नाहीतर तोच पतंग उद्या पुन्हा मोजाल. एकत्र मोजू नका, पद्धत वेगळी तर आकडाही वेगळा. दिवा लावल्याची-विझवल्याची वेळ, पाऊस, तिथी लिहाच, चांदण्यात कमी येतात. आणि तापलेल्या बल्बवर पावसाचा थेंब पडला की काच तडकते, वर आडोसा करा.

मूळ धागाकर्ता:
धन्यवाद! साडेचारचा गजर लावलाय. वाण्याकडून आणखी बारा ट्रे आणलेत, मामी विचारतेय अंडी कुठायत.