एफ-१५० मागे २८ फुटी ट्रेलर: नाकापेक्षा मोती जड होतोय का?

डेन्व्हरकर:
नमस्कार मंडळी. जूनमध्ये नाशिकहून आई येतेय, त्याआधी कॅम्पिंगसाठी ट्रेलर घ्यायचा आहे. आकडे देतो, कुठे चुकतंय ते सांगा.

ट्रक फोर्डचा एफ-१५० प्लॅटिनम, क्रू कॅब, ३.५ इकोबूस्ट, फोर बाय फोर. ब्रोशरप्रमाणे ११,२०० पौंड ओढतो, ट्रक आणि ट्रेलर मिळून मर्यादा १७,१००. ड्रायव्हरच्या दारातल्या पाटीवर जीव्हीडब्ल्यूआर (माणसं-सामानासह ट्रकचं कमाल वजन) ७,०५०, मागच्या ॲक्सलला ४,०५०. शेजारच्या पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर पेलोड (माणसं, सामान, हिचवरचा भार मिळून ट्रक किती पेलतो) १,४८०.

ट्रेलर २८ फुटी, मुलांसाठी बंक असलेला. कोरडं वजन ६,२००, कमाल ७,६००, हिचवर (ट्रेलर ट्रकला जोडतात तिथे) ६९०. माणसं पाच, सगळी मिळून ५८५ पौंड. हौद्यात सायकली, कूलर, छोटा जनरेटर असे २०० पौंड.

विक्रेता म्हणतो, ११,२०० च्या गाडीला ६,२०० चा ट्रेलर म्हणजे खेळणं. पेलोडचं विचारलं तर म्हणाला, डब्ल्यूडी (वेट-डिस्ट्रिब्यूशन, बोजा वाटणारी) हिच लावली की तो प्रश्नच मिटतो. मला काही ते पटत नाहीये. बहुतेक फिरणं आय-७० महामार्गाने पश्चिमेकडे असेल.

काटेकोर:
न पटणं बरोबर आहे. विक्रेत्याने शेजारी ठेवलेल्या दोन आकड्यांपैकी एकही तुमच्या प्रवासात खरा नसणार.

११,२०० येतात एसएई जे२८०७ या चाचणीतून. त्यात ट्रकमध्ये दीडशे-दीडशे पौंडांची दोनच माणसं, वर हिचच्या सामानाचे जास्तीत जास्त ७० पौंड, हौदा रिकामा. अशा अवस्थेत ॲरिझोनात डेव्हिस डॅमकडून ११.४ मैलांचा चढ चढायचा. बाहेर शंभर अंश फॅरनहाइट, एसी चालू, वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाता कामा नये. इंजिन, गिअरबॉक्स आणि रेडिएटरची ही चांगली परीक्षा आहे. पण तुमची मुलं, आई, सायकली त्या परीक्षेत बसलेल्याच नाहीत. त्यांचं वजन दारातल्या स्टिकरमधून वजा होतं.

६,२०० म्हणजे कारखान्याच्या फाटकात उभा असलेला ट्रेलर. दोन बॅटऱ्यांचे शंभर, २० पौंडी दोन सिलिंडरमधल्या गॅसचे ४०, भांडीकुंडी, अंथरुणं, खुर्च्या, होज, ठोकळे, खाणंपिणं मिळून सातशेला जरा कमी. पाणी गॅलनला ८.३४ पौंड, म्हणजे २० गॅलनचे १६७. झाले ७,२००.

टंगवर, म्हणजे ट्रकच्या बॉलवर, भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के वजन आलं पाहिजे. १३ धरा: ९३६. ब्रोशरमधले ६९० विसरा. बॅटऱ्या आणि सिलिंडर तर थेट टंगवरच बसतात, आणि पुढचा आरपार कप्पा भरला की भर पडतेच.

आता बेरीज. माणसं ५८५, हौदा २००, टंग ९३६, डब्ल्यूडी हिच स्वतः १००. एकूण १,८२१. स्टिकर १,४८०. म्हणजे ३४१ पौंड जास्त, आणि इंजिनला अजून घामही फुटलेला नाही. एफ-१५० सारख्या हाफ-टन ट्रकमध्ये बहुतेक वेळा हेच होतं. ओढायची ताकद शिल्लक राहते आणि पाठ आधी मोडते. त्यात प्लॅटिनमसारख्या ट्रिममध्ये सनरूफ, मोटरच्या सीट, पायऱ्या हे सगळं पेलोडमधूनच गेलेलं असतं. त्याच मॉडेलच्या साध्या ट्रिमला दोन-तीनशे पौंड जास्त मिळू शकतात. ट्रक घेतल्यावर हौद्यावर टॉपर किंवा झाकण बसवलं असेल तर तेही स्टिकरमधून वजा करा, स्टिकरला ते माहीत नसतं.

ट्रेलर शोधायचा तर उलटीकडून हिशेब करा. १,४८० वजा ५८५ वजा २०० वजा १०० = ५९५. भागिले ०.१३ = ४,५७७. हौद्यातलं दीडशे पौंड सामान ट्रेलरमध्ये चाकांच्या वर हलवलं तर ७४५, म्हणजे भरलेला ट्रेलर ५,७३० पर्यंत. पण ते दीडशेही त्या ५,७३० मध्येच मोजायचे. ५,५०० च्या आत राहणारा २०-२२ फुटी बघा.

आणि पेलोड वाचवायला सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला भरू नका. टंग १० टक्क्यांच्या खाली गेलं की ट्रेलर डोलायला लागतो, आणि तो त्रास जास्त वजनापेक्षा वाईट.

वजनकाटा:
डब्ल्यूडी हिचबद्दल, कारण तिथेच सगळ्यांची गफलत होते. हिचच्या दांड्या मागच्या ॲक्सलवरचा बोजा उचलून थोडा पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर टाकतात. बोजा नाहीसा होत नाही, आणि दारातली पाटी बदलत नाही. एफ-१५० ला ती हवीच. बहुतेक एफ-१५० च्या रिसीव्हरवर (ट्रकमागे हिच बसवायची चौकोनी नळी) ती नसेल तर मर्यादा ५,००० ट्रेलर आणि ५०० टंग अशी लिहिलेली असते. रिसीव्हरखाली वाकून ते लेबल वाचा.

प्रत्यक्षात काय होतं ते कॅट स्केलवर, म्हणजे ट्रक तोलायच्या मोठ्या काट्यावर, कळतं. ट्रक स्टॉपवर असतो, ॲपवरून पैसे भरता येतात, आणि त्याच काट्यावर २४ तासांत परत केलेलं वजन बरंच स्वस्त पडतं. सगळी माणसं, सगळं सामान, टाकी फुल, आणि तीन वेळा वजन: एकदा ट्रेलर दांड्यांसह, एकदा दांड्या सोडून, एकदा ट्रेलर काढून नुसता ट्रक. शेवटच्या वेळी हिचचं डोकं रिसीव्हरमधून काढून ठेवा, नाहीतर त्याचे पौंड भलत्या रकान्यात जातात. पुढची चाकं पहिल्या फळीवर, मागची दुसरीवर, ट्रेलरची तिसरीवर.

तुमच्या आकड्यांवरून चिठ्ठ्या साधारण अशा येतील.

नुसता ट्रक: पुढे ३,३००, मागे ३,०५५, एकूण ६,३५५.

ट्रेलर जोडला, दांड्या सोडलेल्या: पुढे २,८४०, मागे ४,५५१, एकूण ७,३९१. ट्रेलरची चाकं ६,२६४.

दांड्या ताणल्या: पुढे ३,०७०, मागे ४,१६७, एकूण ७,२३७. ट्रेलरची चाकं ६,४१८.

दुसऱ्या ओळीतलं पुढचं ॲक्सल बघा, ४६० पौंड उचललं गेलंय. बॉल मागच्या ॲक्सलच्या पाच-साडेपाच फूट मागे असतो, त्यामुळे ट्रक सी-सॉसारखा मागे बसतो आणि पुढची चाकं हलकी होतात. स्टिअरिंग सैल लागतं, रात्री दिवे समोरच्याच्या डोळ्यात जातात. दांड्यांनी त्यातले निम्मे, २३०, परत आणले. एफ-१५० साठी फोर्ड साधारण निम्मेच परत आणायला सांगते. पुढचं टोक पूर्ण खाली येईपर्यंत दांड्या ताणायच्या नसतात. तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलमध्ये आकडा बघून घ्या.

मागचा ॲक्सल ४,५५१ वरून ४,१६७ वर आला, तरी ४,०५० च्या ११७ वरच. एकूण वजनही ७,०५० च्या १८७ वर. विक्रेत्याची हिच एवढंच करू शकते.

टंगचा आकडाही यातूनच मिळतो: ७,३९१ वजा ६,३५५ = १,०३६, त्यातून हिचचे १०० काढले की ९३६.

चालतंय_की:
तुम्ही लोक फार घाबरवता राव. आय-७० वर असे शेकडो ट्रक दिसतात. मागे एअरबॅग टाका, गाडी सरळ उभी राहते, विषय संपला.

काटेकोर:
एअरबॅगने गाडी सरळ दिसते. ॲक्सलची नळी, बेअरिंग, रिम, टायर, ब्रेक तेच राहतात. उलट एक तोटा होतो. आधी बॅगांनी मागची उंची वाढवली तर गाडी दिसायला सरळ दिसते, पण पुढचा ॲक्सल हलकाच राहतो आणि दांड्या किती ताणायच्या ते डोळ्यांना कळत नाही. बॅगा असतीलच तर आधी किमान हवेवर ठेवून हिच बसवा, मग हवा भरा.

११७ पौंडांनी त्या दिवशी काही तुटत नाही, हे मान्य. पण तो आकडा सपाट काट्यावरचा आहे. खड्डा, पूल-जोड, वळण यात त्याच टायरवर कितीतरी जास्त येतं. जुलैच्या उन्हात कमी हवेचा पॅसेंजर टायर तापून कड सोडतो तो असाच. टायरच्या भिंतीवरचा कमाल बोजा वाचा, दोन्ही टायरची बेरीज करा आणि ॲक्सलच्या आकड्याशी ताडून बघा.

घाटमाथा:
आय-७० म्हणालात म्हणून उंचीचं सांगतो. आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. फोर्डच्या टोइंग गाइडचा नियम आहे की हजार फुटांपासून पुढे दर हजार फुटांना एकत्रित वजनाची मर्यादा २ टक्के कमी धरायची. ढोबळमानाने २० टक्के धरले तर १७,१०० चे १३,६८० उरतात. वरच्या हिशेबात ट्रक आणि ट्रेलर मिळून १३,६५५. पंचवीस पौंडांचा हात! टर्बो इंजिन उंचीवर साध्या इंजिनाइतकं दमत नाही, त्यामुळे चढ जमेल. खरी काळजी उताराची.

बोगद्यानंतर सिल्व्हरथॉर्नपर्यंत सातेक टक्क्यांचा लांब उतार आहे. उतार सुरू होण्याआधीच टो-हॉल मोड (ओढताना गिअर खालचा धरून ठेवणारा) आणि खालचा गिअर घ्या. ब्रेकवर पाय ठेवून राहू नका. ५० वर आला की नीट दाबून ४० वर आणायचा, सोडायचा, परत ५० ची वाट बघायची. पाय टेकवून ठेवला की पॅड तापतात आणि पेडल मऊ लागायला लागतं.

ब्रेक कंट्रोलर (ट्रकमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणारा) रस्त्यावर जुळवायचा नसतो. रिकाम्या पार्किंगमध्ये, ट्रेलर भरलेला, वेग ताशी २०-२५ मैल. हाताच्या दट्ट्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. चाकं जाम होईपर्यंत गेन (ट्रेलरच्या ब्रेकचा जोर) वाढवा, मग थोडा कमी करा. वजन बदललं की परत. ट्रेलर डोलायला लागलाच तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि तोच दट्ट्या हाताने दाबा. ट्रकचा ब्रेक जोरात दाबला की ट्रेलर ट्रकला ढकलतो.

ट्रेलरचे एसटी (खास ट्रेलरसाठीचे) टायर वेगळं काही लिहिलेलं नसेल तर ताशी ६५ मैलांपुरतेच समजा.

सॅन_होजेचा_पाटील:
याच धाग्यात विचारतो. टोयोटा हायलँडर एसयूव्ही, क्षमता ५,०००. ट्रेलर भरून ३,९०० होईल. मग अकराशे पौंड हातात राहतात ना?

काटेकोर:
राहत नाहीत. हायलँडरची टंगची मर्यादा ५०० आहे. ३,९०० च्या १३ टक्के ५०७ होतात, तिथेच संपलं. ३,५०० च्या आसपास राहा, मग टंगला थोडी जागा उरते. त्याशिवाय मॅन्युअलमध्ये दोन गोष्टी शोधा: डब्ल्यूडी हिच चालते का, कारण काही एसयूव्हींना कंपनीच नको म्हणते, आणि ट्रेलरच्या समोरच्या क्षेत्रफळाची मर्यादा. उंच चौकोनी ट्रेलर वाऱ्यात वजनापेक्षा जास्त ओढ देतो. आणि कॅलिफोर्नियात ट्रेलर मागे असेल तर ५५ ची वेगमर्यादा, हे ठाऊक असेलच.

डेन्व्हरकर:
सगळ्यांचे आभार. २८ फुटी रद्द. २२ फुटी बघतोय, कमाल ५,५००. पण विक्रेत्याच्या आवारात खरं वजन आणि टंग कसं काढायचं? तो काट्यावर नेऊ देईल असं वाटत नाही.

वजनकाटा:
ट्रेलरच्या दाराजवळ पिवळं लेबल असतं, त्यात किती माल भरता येईल ते पौंडांत दिलेलं असतं. कमाल वजनातून ते वजा केलं की कारखान्यातून निघतानाचं त्याच ट्रेलरचं वजन जवळपास मिळतं. ब्रोशरपेक्षा हा आकडा खरा, कारण एसी, ऑनिंग वगैरे ऑप्शन त्यात आलेले असतात. पाण्याची टाकी पूर्ण भरली तर किती पौंड, तेही त्याच लेबलवर असतं.

टंगसाठी बाथरूममधला काटा आणि एक जाड लाकडी तुळई लागेल. तुळईचं एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, दोन टेकूंमध्ये नेमकं तीन फूट. खाली गोल पाइपचे तुकडे घाला म्हणजे टेकू एकाच रेषेवर बसतो. काट्यावर तुळई ठेवूनच तो शून्य करा. मग ट्रेलर समपातळीत ठेवून, चाकांना खुंट्या लावून, जॅक हळूहळू खाली करा. जॅकचा पाय तुळईवर विटेपासून एक फूट आणि काट्यापासून दोन फुटांवर टेकला पाहिजे. जॅक कपलरच्या थोडा मागे असतो, म्हणून आकडा किंचित जास्त येतो. तो तसाच धरा. काटा जे दाखवेल त्याची तिप्पट म्हणजे टंग. २५० दाखवलं तर ७५०. काटा ३०० पौंडांचा असेल तर ९०० पर्यंतच पुरतो, त्याच्या पलीकडे जाईल असं वाटलं तर विटेपासून एक फूट तसंच ठेवून काटा जॅकच्या पायापासून तीन फुटांवर सरकवा आणि चौपट करा.

सिलिंडर भरलेले आणि बॅटऱ्या बसवलेल्या आहेत का, ते आधी विचारून घ्या. आवारात बरेचदा दोन्ही नसतं, आणि मग आलेल्या आकड्यात तुमचे शे-सव्वाशे पौंड हातानेच मिळवायला लागतात.