मलाक्कात दोन रात्री, दोघंच. कुठे राहावं?

रानजाई:
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत भाच्याकडे क्वालालंपूरला जातोय. त्यातल्या मंगळवार ते गुरुवार, दोन रात्री मलाक्काला काढायच्या आहेत. मी आणि हे, दोघंच. मुलं लहान होती तेव्हापासून असं दोघंच कुठे गेलेलो नाही.
खोली रात्रीला साडेतीन हजार रुपयांपर्यंत हवी, त्यावर नको. हे पूर्ण शाकाहारी, मी मासे खाते. यांचा उजवा गुडघा दुखतो. जुन्या गावातच राहावं का? जेवणाचं काय? आणि दोन रात्री जास्त होतील का?

सागरवेडा:
आधी तारखा बदला. जोंकर स्ट्रीटचा रात्रबाजार शुक्रवार, शनिवार, रविवार या तीनच संध्याकाळी भरतो. तो नाही पाहिला तर मलाक्का काय पाहिलं! आम्ही नदीकाठच्या मोठ्या हॉटेलात होतो, रात्रीला अकरा हजार. सकाळी चहाचा कप घेऊन बाल्कनीत बसायचं आणि खालून बोटी जाताना बघायच्या. अशी सहल एकदाच होते, हात आखडू नका.

चिंचपेटी:
ताईंनी साडेतीन हजार लिहिलंय हो.
आमचा अनुभव: स्वस्तातली खोली घेतली. फोटोत छान पडदा होता, तो सारला तर मागे भिंत! तिकडे बिनखिडकीच्या खोल्या सर्रास असतात आणि ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. दोन दिवस ओले टॉवेल वाळले नाहीत, सगळ्या कपड्यांना कुबट वास. बुकिंगआधी ‘खिडकी बाहेर उघडते का’ असं लिहून विचारा. शिवाय परदेशी पाहुण्यांना खोलीमागे रात्रीला १० रिंगिट पर्यटन कर असतो. आमच्याकडून तो काउंटरवर वेगळा घेतला.

भटकभवानी:
राहायची गरजच काय? क्वालालंपूरच्या टीबीएस स्थानकातून दोन तासांत बस पोहोचते. सकाळी जा, लाल चौक बघा, संध्याकाळी परत. वाचलेल्या पैशात पेनांग करा. खाणं पेनांगचंच. आम्ही चार दिवस होतो तरी मन भरलं नाही.

सागरवेडा:
असहमत. दिवसभर सहलीच्या बसेसची गर्दी आणि भाजणारं ऊन. गाव हाती लागतं ते संध्याकाळी सहानंतर. बाकी शुक्रवारचं मी आधीच लिहिलंय.

जुनीनाणी:
बाजाराच्या पलीकडेही मलाक्का आहे. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतलं आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. मग १६४१ मध्ये डच आले, त्यांच्यानंतर इंग्रज. पोर्तुगीज किल्ल्याचा आज एक दरवाजाच उभा आहे, पोर्टा दे सांतियागो. त्याच्या वरच्या टेकडीवर सेंट पॉल चर्चचे अवशेष. छप्पर नाही, भिंतींना टेकून माणसापेक्षा उंच डच थडग्यांच्या शिळा उभ्या केल्यात. आत एक रिकामी कबर आहे, वर तारेची जाळी. फ्रान्सिस झेवियर यांचा देह गोव्याला नेण्याआधी इथे होता. आता तो जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस चर्चमध्ये आहे, तिथे माझी आजी आम्हाला दर वर्षी न्यायची. त्यामुळे त्या जाळीपाशी मी बराच वेळ उभा राहिलो.

भटकभवानी:
म्हणजे ते मलाक्कातच वारले ना?

जुनीनाणी:
नाही. चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगचुआन बेटावर, डिसेंबर १५५२ मध्ये. देह १५५३ मध्ये मलाक्काला आणला, तिथून पुढे गोव्याला.

रेवदंडेकर:
अवांतर: मलाक्कात उजोंग पासिर भागात पोर्तुगीज वस्ती आहे. तिथे क्रिस्तांग बोलतात, म्हणजे पोर्तुगीजमधून घडलेली मिश्र बोली. आमच्या शेजारच्या कोर्लईतही अशीच पोर्तुगीजमधून आलेली बोली घराघरांत आहे. अलिबागला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं?

चिंचपेटी:
छान माहिती, पण ताईंच्या यजमानांनी जेवायचं काय?

माडाचागूळ:
त्याबद्दल मी सांगते, आठ वर्षं जोहोरला होते. मुख्य अडचण बेलाचानची. म्हणजे आपल्या जवळ्यासारख्या बारीक कोळंबीची आंबवून वाळवलेली वडी. ती सांबल नावाच्या मिरचीच्या चटणीत असते आणि कांगकुंगच्या भाजीतही असते. ताटात नुसता हिरवा पाला दिसतो, घास घेतल्यावर कळतं. म्हणून ‘मांस नको’ एवढं पुरत नाही, ‘उदांग’ (कोळंबी) आणि ‘बेलाचान’ नको असं नाव घेऊन सांगा. सोपा मार्ग म्हणजे केळीच्या पानावरचं दाक्षिणात्य जेवण किंवा चिनी बौद्ध शाकाहारी खानावळ. तुम्ही स्वतः आसाम पेदास खा, आंबट-तिखट माशाचा रस्सा, कोकणातल्या माणसाला लगेच जवळचा वाटतो. आणि दोघांनी मिळून चेंडोल: नारळाचं दूध, हिरव्या शेवया, किसलेला बर्फ आणि वरून गुला मलाका. हा माडाच्या जातीच्या झाडांचा काळा गूळ, धूर लागल्यासारखा वास येतो. पाव किलो घरी घेऊन या.
राहायला तुकांग एमास गल्लीच्या आसपास बघा. १७८१ चं गणपतीचं देऊळ, कांपुंग क्लिंग मशीद आणि चेंग हून तेंग हे चिनी मंदिर, तिन्ही हाकेच्या अंतरावर. देऊळ चिट्टी लोकांचं. हे तमिळ व्यापाऱ्यांचे वंशज, घरात मलय बोलतात, देव आपलेच.

सागरवेडा:
चेंडोल आम्हीही खाल्लं, उत्तमच. पण मंगळवारी निम्म्या दुकानांची शटरं खाली असतात. शुक्रवार बघा.

माडाचागूळ:
एक राहिलं. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. आमच्या दिरांचे अशाच एका साइटवर चार हजार गेले.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. बुकिंग केलं. दोनच्या तीन रात्री केल्या, मंगळवार ते शुक्रवार. खोली एका जुन्या बाबा-न्योन्या (तिथे स्थायिक झालेल्या चिनी लोकांचे वंशज) घरात, देवळापासून पाच मिनिटांवर, बत्तीसशे रुपये. खिडकी रस्त्यावर उघडत नाही, आतल्या चौकात उघडते. वर आकाश, खाली पावसाचं पाणी जायला दगडी उतार, अगदी आमच्या माहेरच्या वाड्यासारखा. फोटो बघून हे म्हणाले, हीच घे. तळमजला मिळाला, त्यामुळे गुडघ्याची काळजी नाही. टेकडी मात्र हे चढणार म्हणतात, त्या रिकाम्या कबरीपर्यंत.

सागरवेडा:
शुक्रवारी दुपारी निघणार? अहो, संध्याकाळी बाजार लागतो! एक रात्र पुढे ढकला.

रानजाई:
शुक्रवारी रात्री भाच्याच्या मुलीचा पाचवा वाढदिवस आहे, केक मला करायचाय. बाजार राहील. गूळ गुरुवारीच घेऊन ठेवते.